सहज आलो होतो

नोकरी गेली याचं चिंतामणी टिपणीसला दुःख झालं, नाही असं नाही. पण ती गेल्याचं ठाकूरद्वारच्या अख्ख्या चाळीला त्याच्या आधी कळलं, याचं जास्त झालं. फोर्टातल्या ज्या पेढीत तो जावक टपालाचा कारकून होता, तिच्या गोऱ्या मालकानं गाशा गुंडाळला आणि विलायतेची बोट धरली. कारकुनांना हे संध्याकाळी कचेरी सुटताना सांगण्यात आलं. पट्टेवाल्याला मात्र ते आदल्या दिवशीच कळलं होतं, आणि त्या पट्टेवाल्याची मेव्हणी नेमकी चिंतामणीच्या चाळीत राहत होती. बिचारा चिंतामणी बायकोला ही बातमी कशी हळूहळू सांगावी याची जुळवाजुळव करत जिना चढला, तर गॅलरीतल्या बायका त्याच्याकडे अशा बघायला लागल्या, की त्याला वाटलं आपल्याच घरात कोणाचं तरी काही बरंवाईट झालं.

"हातपाय धुवा," कालिंदी म्हणाली, "चहा ठेवलाय. आणि गप्प बसून राहू नका, सगळ्यांना माहीत आहे."

पुढच्याच आठवड्यात चिपळूणहून सासऱ्यांचा निरोप आला. सासऱ्यांचं तिथं दुकान होतं. सुंभ, खराटे, घमेली, बादल्या. निरोप असा, की अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त चांगला आहे, जावईबापूंनी मुंबईची खोली सोडावी आणि येऊन गल्ल्यावर बसावं. गिऱ्हाइकांसमोर 'जावईबापू, जरा ती बादली काढा' असं सासरे म्हणतील, ही कल्पनाच चिंतामणीला सोसवेना. पण कालिंदीचं दुखणं त्याहून खोल होतं. त्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीतच तिचं लहानपण गेलं होतं.

"मी मुंबईला आले तेव्हा त्या खोलीकडे एकदाही वळून पाहिलं नाही," ती म्हणाली. "मला परत तिथं जायचं नाही. तुम्ही काहीही करा." ती रडली नसती तर चालवून घेता आलं असतं; पण हे म्हणताना ती रडली, आणि कालिंदी सहसा रडणाऱ्यांतली नव्हे.

आता चाळीत कोणावर संकट आलं की शेजारच्या खोलीतले अप्पा आपणहून येतात. बोलवावं लागत नाही. कोर्टातून निवृत्त झाल्यापासून सल्ला देणं हाच त्यांचा व्यवसाय, आणि तो ते संपूर्ण निःस्वार्थ बुद्धीनं करतात.

"जाहिराती बघतोस होय?" अप्पांनी वर्तमानपत्र त्याच्या हातातून काढून घेतलं. "अरे, जाहिरात छापून येते तेव्हा माणूस त्या खुर्चीत बसून पान खात असतो! ओळख लागते, ओळख! आणि ओळख झाली रे झाली की हात पसरायचा नाही. तिथंच सगळे चुकतात. जायचं, बसायचं, विचारलं तर सांगायचं, सहज आलो होतो. ओळख लोणच्यासारखी मुरू द्यायची. मग समोरचा माणूस आपणहून विचारतो, काय हो, सध्या काय करता? की झालं काम!"

अप्पांना स्वतःला नोकरी जाहिरात वाचूनच लागली होती, पण अशा तपशिलात शिरायची ती वेळ नव्हती. शिवाय हे 'सहज' प्रकरण चिंतामणीला मनापासून पटलं. मागायचं नाही आणि मिळवायचं, हे त्याच्या स्वभावाला इतकं मानवणारं होतं, की आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही याचं त्याला आश्चर्य वाटलं.

अप्पांचे एक जुने शेजारी लालबागला संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कचेरीत बसत. त्यांची म्हणे परळपासून दादरपर्यंत घराघरात ओळख. ते दिवस द्वैभाषिकाचे. मुंबईत एक भिंत मोकळी नव्हती की एक माणूस गप्प नव्हता. चिंतामणी ट्रामनं लालबागला गेला, कचेरीच्या दारात उभा राहिला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "सहज आलो होतो."

"सहज?" खुर्चीवरचे गृहस्थ एकदम उठलेच. "अहो, अशी सहज येणारी माणसंच तर पाहिजेत! धरा!"

आणि त्यांनी चिंतामणीच्या हातात खळीची बादली दिली.

बादली! म्हणजे ज्या बादलीसाठी चिपळूण टाळलं, ती लालबागला हातात आली. जोडीला बुधाजी नावाचा एक तरुण होता. परळच्या गिरणीच्या चाळीत वाढलेला, मॅट्रिक झालेला, टायपिंगची परीक्षा पास झालेला. बुधाजीनं पहिलंच पोस्टर चिकटवता चिकटवता विचारलं, "काय हो टिपणीस, तुमच्या ओळखीत कुठं नोकरी आहे का? मी शोधतोय."

चिंतामणीला धक्काच बसला. तोंडओळखसुद्धा धड झालेली नाही आणि हा माणूस सरळ मागून मोकळा! "असं एकदम विचारू नये," त्यानं बुधाजीला समजावलं. "मुरू द्यावं लागतं."

"मुरेपर्यंत खायचं काय?" बुधाजी म्हणाला. यावर अप्पांनी काही सांगितलेलं नव्हतं.

चिंतामणीचा स्वभाव टापटिपीचा. खडबडीत भिंतीवर पोस्टराला फुगे येतात हे त्याला बघवेना. म्हणून त्यानं एक छान गुळगुळीत, नव्यानं चुना दिलेली भिंत शोधून काढली आणि 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' असं ओळीनं चिकटवत गेला. एकही फुगा नाही. दोन पावलं मागं सरून तो ते कौतुकानं बघतोय, तोच कोपऱ्यावरून हवालदार आला. ती भिंत पोलीस चौकीची होती.

बुधाजी बादली घेऊन एका गल्लीत गेला, चिंतामणी ब्रश घेऊन दुसऱ्या. हवालदार मराठीच होता, मनातून त्यालाही मुंबई हवीच होती, त्यामुळे तो आपला बेताबेतानं धावत होता. पण चिंतामणीला हे कळायला काही मार्ग नव्हता. तो जीव घेऊन पळाला तो थेट मासळीबाजारात शिरला, ओल्या फरशीवरून घसरला आणि एका पाटीपुढे येऊन बसला. पाटीमागे पुतळाबाई होती. कोळीवाड्याची, अंगानं दणकट, आवाजानं त्याहून.

"कुनी मागं लागलाय?"

"पोलीस."

"समितीचा काय तू? बस खाली! मान वर करू नको!" आणि तिनं ओलं गोणपाट त्याच्या डोक्यावर टाकलं. हवालदार धापा टाकत आला तेव्हा ती म्हणाली, "काय बघतं? हितं पापलेट हाय, मानूस नाय." तोही बिचारा दमला होता. बरं म्हणाला आणि गेला.

गोणपाटाखाली माणसाची अब्रू अशी काही शिल्लक राहत नाही. तिथं बसल्या बसल्या चिंतामणीनं पुतळाबाईला सगळं सांगून टाकलं. नोकरी, सासरे, खराटे, कालिंदीचं रडणं, सगळं. आयुष्यात इतकं सरळ तो कधी कोणाशी बोलला नव्हता.

"मंग वेलकरसायबाकडं जा की!" पुतळाबाई म्हणाली. "रंगाच्या कंपनीत हेडक्लार्क हाय. परभादेवीला ऱ्हातो. त्याची बायको रमाबाय माझंच म्हावरं घेते. हे पापलेट दे तिला, सांग पुतळानं धाडलं."

चिंतामणी थक्क झाला. फोर्टातल्या ज्या रंगाच्या कंपनीच्या दारावर गुरखा उभा असे आणि ज्या दारात जायची त्याची कधी छाती झाली नव्हती, त्या कंपनीचा रस्ता लालबागच्या मासळीबाजारातून जात होता! अप्पांचा शेजारी, खळीची बादली, हवालदार, पाटी, आणि पाटीतून थेट हेडक्लार्क. केवढी ही मुंबई, आणि आतून कशी एकाला एक जोडलेली! कागदात गुंडाळलेलं पापलेट छातीशी धरून तो प्रभादेवीच्या गल्लीत शिरला तेव्हा त्याचे डोळे खरोखर भरून आले होते. अर्थात वासही होताच.

रमाबाईंनी पापलेट घेतलं आणि "आत गॅलरीत आहेत" म्हणून बोट दाखवलं. महादेवराव वेलकर आरामखुर्चीत बसले होते. जाड चष्मा, कडक इस्त्रीचं धोतर, आणि चेहऱ्यावर, आला आणखी एक, असा भाव.

"काय काम काढलंत?"

हीच ती वेळ. पण पापलेटानं केलेली सगळी तयारी त्या चष्म्यासमोर वितळली, आणि चिंतामणीच्या तोंडून जे निघायचं तेच निघालं. "काम? छे छे! पुतळाबाईंनी मासे दिले होते, ते द्यायला... सहज आलो होतो."

महादेवराव सावरून बसले. चष्मा वर करून त्यांनी चिंतामणीला नीट पाहिलं. "बसा," ते म्हणाले. "अहो बसा! रमा, चहा टाक! माझ्या दारात जो येतो त्याला पुतण्या असतो, नाहीतर भाचा असतो. सख्खा भाऊ येतो, पाणी पिता पिता अर्ज काढतो. तुम्ही पहिले. तुम्ही काय करता, हे मी मुळीच विचारणार नाही. तो प्रश्न मी सोडून दिलाय. विचारलं की अर्ज बाहेर येतो."

झालं! अप्पांच्या लोणच्याच्या बरणीला बूडच नव्हतं. ज्या एका प्रश्नावर सगळी मदार, तोच प्रश्न या गृहस्थानं शपथेवर सोडलेला!

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? तिथल्या तिथं सांगून टाकलं असतं. पण महादेवरावांचा चेहरा इतका उजळला होता, की तो पुन्हा पाडायचा चिंतामणीला धीर होईना. "पुढच्या रविवारी या," ते म्हणाले, आणि हा गेला. त्याच्या पुढच्याही गेला. महादेवराव बोलत, हा ऐके. मुंबईचं काय होणार, कंपनीतला गोरा साहेब कसा चक्रम, दादरला चांगले आंबे कुठं मिळतात. खरं सांगायचं तर गप्पा फार छान होत. परत येताना मात्र चिंतामणीला वाटे, आज बोलायचं राहूनच गेलं. आणि घरी कालिंदी दारातच विचारी, "बोललात?" तो म्हणे, "मुरतंय."

एका रविवारी महादेवराव वैतागून म्हणाले, "टायपिस्टाची जागा रिकामी झालीय. अर्जांचा ढीग पडलाय, आणि एकावरही विश्वास ठेवावासा वाटत नाही. तुम्ही एक निःस्वार्थी माणूस आहात. तुमच्या पाहण्यात कोणी आहे का हो?"

चिंतामणीला टायपिंग येत होतं. तोंड उघडून 'मी' एवढं एक अक्षर म्हणायचं होतं. त्यानं तोंड उघडलं. पण 'निःस्वार्थी' हा शब्द त्याच्या घशात असा आडवा बसला, की 'मी' काही बाहेर येईना. आणि जे बाहेर आलं ते असं, "बुधाजी म्हणून एक मुलगा आहे. परळचा. टायपिंगमध्ये पास आहे."

बुधाजी चिकटला! आठवड्याच्या आत पेढे घेऊन चाळीत आला, चिंतामणीला मिठी मारली आणि कालिंदीसमोर म्हणाला, "वहिनी, तुमच्या यांचा वशिला म्हणजे केवढा!"

त्या दिवशी रात्रीचं जेवण झालं, पण बोलणं काही झालं नाही.

चाळीत मात्र बोलणंच बोलणं. चिंतामणी टिपणीसच्या नुसत्या शब्दावर नोकरी लागते! खालच्या मजल्यावरचे लोक आपापली मुलं घेऊन दारात उभे राहायला लागले. कोणी फणस आणला. पट्टेवाल्याची ती मेव्हणी दिराला घेऊन आली. अप्पासुद्धा, स्वतः अप्पा, भाच्याचं सर्टिफिकेट घेऊन आले आणि म्हणाले, "सहज आलो होतो." बेकार माणसाकडे नोकरी मागायला रांग लागलेली मुंबईनं कधी पाहिली नसेल. चिंतामणीनं सगळ्यांना पाणी दिलं. अक्षय्य तृतीया तोंडावर आली आणि सासऱ्यांनी कळवलं, की गादी नवी शिवून घेतली आहे.

तेव्हाच रमाबाईंचं बोलावणं आलं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहे, मंडळींना घेऊन यावं.

कालिंदीनं ठेवणीतलं लुगडं काढलं. दोघं ट्रामनं वेलकरांकडे पोचली. आत बायकांची गर्दी होती, गौर पाळण्यात बसली होती, पुढं कलिंगडं कापून ठेवली होती. पुरुषांना तिथं काय काम? चिंतामणी गॅलरीत महादेवरावांशेजारी जाऊन बसला. दोघांना पन्हं आलं. मधे नुसता एक पडदा.

आणि पडद्याआडून जे कानावर यायला लागलं, ते ऐकून चिंतामणी पन्हं प्यायचंच विसरला. कैरीची डाळ वाटता वाटता एकीनं विचारलं, माझ्या नणंदेसाठी मुलगा आहे का कोणी? दुसरी म्हणाली, आहे, बुधवारी बघायला पाठवते. तिसरीच्या सासूला इस्पितळात खाट मिळत नव्हती. चौथीचा भाऊ तिथंच डॉक्टर. ठरलं! पाचवीच्या मुलाची शाळा, सहावीच्या घरची गळती, सगळं ओल्या हरभऱ्यांनी ओट्या भरता भरता मार्गी लागत होतं. कोणी 'सहज' म्हणत नव्हतं, कोणी मुरवत नव्हतं. मागत होत्या, देत होत्या आणि कुंकू लावून पुढं जात होत्या. इतके महिने ट्राम झिजवून त्याला जे साधलं नाही, ते या बायका पन्ह्याच्या एका भांड्यात उरकत होत्या. एखाद्या मोठ्या देवळात पहिल्यांदा शिरावं तसं त्याला झालं. हात जोडावेत असंच वाटलं.

तेवढ्यात कालिंदीचा आवाज आला. स्वच्छ, मोठा.

"रमाबाई, माझ्या नवऱ्याला नोकरी नाही. ते तुमच्याकडे येतात ते नोकरीसाठीच येतात. तोंडानं सांगायची हिंमत नाही त्यांना. नाही मिळाली तर आम्हाला मुंबई सोडून जावं लागेल. मला जायचं नाही."

चिंतामणीनं भांड्यात बघितलं. आता या भांड्यात जीव देता आला असता तर बरं, असं त्याला वाटलं.

"खरं?" महादेवराव म्हणाले.

"खरं."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून. पण नंतर..." नंतर काय, ते चिंतामणीला सांगता येईना. नंतर मला खरंच इथं यावंसं वाटायला लागलं, हे त्या वेळी कोणाला पटलं असतं?

महादेवरावांनी चष्मा पुसला आणि परत लावला. चेहऱ्यावर तो जुना भाव येऊन बसला होता. "उद्या दहा वाजता कचेरीत या," ते म्हणाले. "अर्ज घेऊन या."

जावक टपालाची जागा होती. कंपनीच्या रीतीप्रमाणे कचेरीतल्या एका माणसानं ओळख द्यावी लागे, ती बुधाजीनं दिली, आणि देताना त्याची छाती फुगली होती. चिपळूणला नकार गेला. कालिंदी त्या दिवशी घरभर गुणगुणत होती. नोकरी लागली. पगार बरा होता, खुर्ची खिडकीजवळ होती. पण महादेवराव कचेरीत त्याला 'मिस्टर टिपणीस' म्हणत, कामापुरतं बोलत आणि पुढं जात. आता कोणत्या तोंडानं प्रभादेवीला जायचं? चिंतामणीनं रविवार बंद केले. रविवार आला की चिंतामणी सकाळपासून उगीच चिडचिड करी, आणि कालिंदी त्याला काही विचारत नसे.

असाच एक रविवार. खाली पोरांनी ओरडा केला आणि जिन्यावर काठीचा आवाज आला. महादेवराव वेलकर! धापा टाकत, घाम पुसत, चाळीच्या गॅलरीत!

रंगाच्या कंपनीचे हेडक्लार्क आलेत, हे कळायला चाळीला कितीसा वेळ लागणार? बघता बघता दारं उघडली. शर्टांची बटणं लावत मुलं बाहेर आली, त्यांच्यामागं बाप, बापांच्या हातात सर्टिफिकिटं. फणसवाले आले. अप्पा भाच्याचा भांग हातानंच बसवत पुढं झाले. गॅलरीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

महादेवराव उंबऱ्याशीच उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात.

"मी कामासाठी आलोय," ते म्हणाले. "आधी सांगतो, मग बसायचं की नाही ते बघू. पुढच्या महिन्यात मी रिटायर होतोय."

गॅलरीत चुळबुळ झाली. कोणीतरी कुजबुजलं, "रिटायर?" एका बापानं सर्टिफिकिटाची घडी घातली आणि पोराला कोपरानं ढोसलं. एक दार लागलं. मग दुसरं. फणसवाले फणस तसाच उचलून जिना उतरले. अप्पांना एकाएकी दूध उतू गेल्याची आठवण झाली. महादेवरावांनी मान वळवून ते सगळं बघितलं. नवल वाटल्यासारखं काही दिसलं नाही त्यांच्या चेहऱ्यावर.

गॅलरी रिकामी झाली तेव्हा ते पुन्हा बोलायला लागले, आणि इतका वजनदार माणूस, पण शब्द जुळवताना अडखळत होता.

"खुर्ची गेली की माझ्याकडे कोणी येणार नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही नोकरीसाठी येत होतात. ठीक आहे. राग आला होता, गेला. पण ते रविवार चांगले जात होते हो. आता माझ्याकडे द्यायला काही नाही. तरी विचारायला आलोय. याल का?"

जे चिंतामणीला पापलेट हातात असताना जमलं नाही, गॅलरीत बसून जमलं नाही, ते हा म्हातारा माणूस एवढे जिने चढून, उंबऱ्याशी उभा राहून, भीडभाड न ठेवता मागत होता. आणि मागताना लहान होत नव्हता. चिंतामणीला तर तो केवढा तरी मोठा दिसायला लागला.

"येईन," तो म्हणाला. "मला यायचंच होतं. लाज वाटत होती म्हणून आलो नाही."

कालिंदीनं पाट मांडला होता आणि दुसरं ताट घेतलं होतं. महादेवराव आत आले, काठी कोपऱ्यात ठेवली आणि जेवायला बसले.